फायर ब्रिगेडला बोटी मिळाल्या, वाहत्या पाण्यातला सराव कधी मिळणार?

कृष्णाकाठचा_तांडेल | १४ मे, रात्री ९.१०

मंडळी नमस्कार. मी कृष्णाकाठच्या एका पालिकेत फायरमन म्हणून लागलो आणि तांडेल, म्हणजे फायरमनच्या वरचा टीमचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. लोकांना वाटतं फायर ब्रिगेड म्हणजे आग. आमच्याकडे जून ते सप्टेंबर बघा, आगीपेक्षा पाण्याच्याच वर्दी जास्त येतात. कोण विहिरीत पडलंय, कुणाची दुचाकी ओढ्यावरच्या पुलावरून खाली गेलीय, विसर्जनाला पोरगं खोल पाण्यात गेलंय आणि मग येतो तो महापूर.

२०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथं इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. म्हणजे धोक्याच्या वर बारा फूट पाणी, आणि ते गावात शिरलेलं पाणी. त्यानंतर आमच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी रबरी बोटी आल्या, बोटीच्या मागे बसवायची ओबीएम इंजिनं आली, लाईफ जॅकेटं आली. ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. त्या बोटी नदीत किती वेळा उतरतात? मला माहीत असलेल्या एका ठिकाणी बोट मे महिन्यात बाहेर काढतात, हवा भरतात, पाहुणे येतात, फोटो होतो, परत घडी करून शेडमध्ये. दुसऱ्या एका ठिकाणी पोरांचं ट्रेनिंग झालं ते पोहण्याच्या तलावात. तलावातलं पाणी उभं असतं हो. नदीचं पाणी चालतं, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. तलावात पन्नास मीटर सुंदर पोहणारा पोरगा पुराच्या धारेत गेला तर त्याला पहिल्यांदा कळतं की आपण पोहत नाही आहोत, आपल्याला नेलं जातंय.

हे पोटतिडकीने लिहितोय कारण २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांना शोधायला गेलेली एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) बोट उलटली आणि तीन जवान गेले. एसडीआरएफचे, म्हणजे हेच काम शिकलेले लोक. तिथं ही गत तर पालिकेच्या फायरमनचं काय, ज्याला गमबूट आणि आगीचं हेल्मेट घालून काठावर पाठवतात?

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे ते लिहा. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा. मला यातून एक टिपण तयार करून आसपासच्या पालिकांच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून द्यायचं आहे.

मेधा_कोथरूड | १४ मे, रात्री ९.४२

तांडेल काका, विषय महत्त्वाचा आहे. पण एक भाबडा प्रश्न, पुरासाठी एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, आहे ना? त्यांची एक अख्खी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. मग पालिकेच्या माणसांनी पाण्यात उतरायचंच कशाला?

कृष्णाकाठचा_तांडेल | १४ मे, रात्री १०.०५

मेधाताई, प्रश्न अजिबात भाबडा नाही, मंत्रालयापर्यंत हाच विचार चालतो. एनडीआरएफची माणसं पहिल्या दर्जाची आहेत, त्यांच्याबरोबर काम करताना मी शिकलो. पण सुदुंबऱ्याहून निघून सांगली कोल्हापूर गाठायला सुद्धा चार पाच तास, तेही रस्ता चालू असला तर. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद होता. आणि महापूर सोडा, एरवी ओढ्यात वाहून जाणारा माणूस कुणाची वाट बघत नाही. त्याच्याकडे मिनिटं असतात. त्या मिनिटांत तिथं पोचणार कोण तर गावातली पोरं, पोलीस पाटील आणि नशीब असेल तर फायर ब्रिगेडची गाडी.

होडी_शर्यतवाला | १४ मे, रात्री ११.३०

तांडेल साहेब एकदम बरोबर बोललासा. आमच्या घरात चार पिढ्या होडी हाय, मी सोता शर्यतीत वल्हं मारतो. माझं एकच सांगणं हाय, नदी वाचायला शिकवा पोरांस्नी. वरनं सपाट दिसतंय म्हणून पाणी गरीब हाय असं समजू नका, जिथं काहीच हालचाल दिसत नाही तिथं खाली ओढ असती. पाणी एका जागी फुगून वर आल्यागत दिसलं तर खाली काहीतरी हाय, दगूड असंल, बुडालेली भिंत असंल, उसाच्या फडाचं कुंपण असंल. पुरात आमची होडी शेतावरनं जाती तवा खाली विहीर कुठं, डीपी कुठं, तारेचं कुंपण कुठं हे गावच्या माणसालाच म्हाईत. बाहेरनं आलेल्या टीमच्या बोटीत एक गावचा माणूस पुढं बसवायलाच पायजे. २०१९ ला आम्ही असं बसलो की, वाट आम्ही दाखवायचो आणि इंजिन ते चालवायचे. पण हे त्या येळंला सुचलं म्हणून झालं, कागदावर कुठं न्हवतं.

आणि वरच्या तारा. पाणी चढलं की बोट पण चढती, मग इजेच्या तारा डोक्याला लागायला येतात. महावितरणला फोन करून लाईट बंद झाल्याची खात्री केल्याबिगार त्या गल्लीत शिरायचंच न्हाई.

डोंगरवाटा | १५ मे, सकाळी ७.५०

मी मावळातल्या एका रेस्क्यू ग्रुपबरोबर जातो. आमच्याकडे पावसाळ्यात धबधबे, धरणं, कुंड. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं असेल. तो व्हिडिओ मी कितीतरी वेळा बघितला, कारण काठ फार लांब नव्हता आणि काठावर लोक होते. पाणी अचानक वाढलं, ते एकमेकांना धरून मधे उभे होते, आणि काठावरच्या कुणाच्या हातात फेकायला काही नव्हतं.

म्हणून मी सगळ्यात आधी थ्रो बॅगबद्दल लिहितो. ही एक छोटी पिशवी असते, आत पंधरा ते वीस मीटर तरंगणारी दोरी भरलेली, बोटीच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. प्रत्येक बंबावर अशा दोन तरी पाहिजेत, आणि पोलिसांच्या गाडीतही. पण दोरी फेकणं ही शिकायची गोष्ट आहे. आधी जोरात हाक मारायची, त्या माणसाची नजर आपल्याकडे आली की मगच फेकायची, आणि त्याच्या अंगावरून पलीकडे जाईल अशी फेकायची म्हणजे दोरी त्याच्या छातीवर पडते. आपण लगेच खाली बसायचं, पाय रोवायचे, दोरी कमरेमागून घ्यायची. हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. तो माणूस आपोआप झोक्यासारखा काठाकडे येतो, ओढायची घाई करायची गरज पडत नाही. पहिली फेक चुकली तर पिशवीत परत दोरी भरत बसायला वेळ नसतो, हातात वेटोळी करून दुसरी फेक कशी करायची याचा वेगळा सराव लागतो.

क्रम साधा आहे. आधी ओरडून सांगा, मग काठी किंवा बांबू पुढे करा, मग दोरी फेका, मग बोट, आणि यातलं काहीच शक्य नसेल तेव्हाच माणूस पाण्यात. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. जो सगळ्यात धाडसी तो आधी उडी मारतो आणि मग दोरी शोधायला पळापळ होते.

कृष्णाकाठचा_तांडेल | १५ मे, सकाळी ९.१५

डोंगरवाटा, हे सगळं टिपणात घेतो. त्यात एक भर घालतो, पाण्यात गेलाच तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाणी कमरेएवढं दिसतं, माणूस पाय टेकवतो, पाय दगडाच्या फटीत अडकतो आणि धार त्याला पुढे वाकवून पाण्याखाली दाबते. कमरेएवढ्या पाण्यात चांगले पोहणारे असे गेलेत. उताणं पडायचं, पाय धार जाते त्या दिशेला आणि पायाची बोटं पाण्याच्या वर, हातांनी दिशा द्यायची आणि तिरकं तिरकं काठ गाठायचा. पण पुढे झाड किंवा कुंपण आडवं आलं तर मात्र पालथं होऊन जोरात पोहत त्याच्या वर चढायचं, त्याच्या खाली जायचं नाही, कारण पाणी फांद्यांतून जातं पण माणूस अडकतो. हे वाक्य म्हणून सगळ्यांना कळतं, अंगात मात्र पाण्यात केल्याशिवाय उतरत नाही.

आणि पोशाख. आगीचा कोट, गमबूट आणि आगीचं हेल्मेट घालून फायरमनला पाण्याजवळ उभं करू नका. गमबुटात पाणी भरतं. आगीच्या हेल्मेटच्या मागच्या रुंद काठाला धार लागली की मान मागे खेचली जाते. पाण्याच्या कामाचं हेल्मेट वेगळं, भोकं असलेलं, हलकं. काठापासून दहा फुटांच्या आत लाईफ जॅकेटशिवाय कुणीही नाही, साहेबसुद्धा नाही, एवढा एक नियम पाळला तरी खूप.

अप्पा_न्यूयॉर्क | १५ मे, सकाळी ११.००

मूळचा मिरजेचा, आता न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात राहतो. इथल्या गावांत फायर डिपार्टमेंट बऱ्यापैकी स्वयंसेवकांवर चालतं, मीही आहे. प्रवरेच्या घटनेबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला कारण आम्हाला ट्रेनिंगमध्ये जवळपास हेच दाखवतात.

१९७५ साली आमच्याच राज्यातल्या बिंगहॅम्टन शहरात सस्क्वेहाना नदीवरच्या एका बुटक्या बंधाऱ्याखाली बचावाला गेलेली फायर डिपार्टमेंटची बोट उलटली आणि मदतीला आलेल्यांचेच जीव गेले. कॅमेऱ्यात ते चित्रित झालं आणि ती फिल्म पुढे कित्येक वर्षं फायरमनना दाखवली गेली. बंधारा दिसायला अगदी मामुली. आपल्याकडच्या केटी बंधाऱ्यासारखा.

होतं असं की पाणी बंधाऱ्यावरून खाली पडतं, तळाला जातं आणि थोडं पुढे वर येतं. वर आलेल्या पाण्यातला एक भाग परत मागे, बंधाऱ्याच्या भिंतीकडे वळतो. म्हणजे पडण्याच्या जागेपासून काही अंतरापर्यंत पृष्ठभागावरचं पाणी उलटं वाहत असतं. त्यात सापडलेली वस्तू भिंतीकडे ओढली जाते, पडणाऱ्या पाण्याखाली दाबली जाते, पुढे वर येते, परत ओढली जाते. ओंडका तासन् तास तिथेच गिरक्या घेताना तुम्ही पाहिला असेल. माणसाचंही तेच होतं. शिवाय त्या पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की लाईफ जॅकेट नेहमीसारखं वर उचलत नाही आणि इंजिनाच्या पंख्याला पकड मिळत नाही. बोट खालच्या बाजूने जवळ नेली तर ती मागे ओढली जाते, मागून पाणी आत पडतं आणि उलटते. म्हणून आमच्याकडे नियम असा की पाणी जिथे फुगून वर येतं त्या रेषेच्या आत बोट न्यायचीच नाही. दोन्ही काठांवर माणसं, मधे दोरी, दोरीला बांधलेला तराफा किंवा हवा भरलेला फायर होज, म्हणजे आगीवर पाणी मारायचा पाईप. हो, आपला नेहमीचा होज, दोन्ही टोकं बंद करून त्यात सिलिंडरची हवा भरली की तो लांब तरंगता दांडा होतो आणि काठावरून आत ढकलता येतो. यासाठीची टोकं आधी बनवून ठेवावी लागतात, पण खर्च अगदी किरकोळ.

महाराष्ट्रात असे बंधारे किती आहेत विचार करा. ऐन पावसाळ्यात पोरं त्याच्याखाली मासे धरायला उतरतात.

होडी_शर्यतवाला | १५ मे, दुपारी १.२०

अप्पा, ह्याला आमचा आजा म्हणायचा बंधाऱ्याच्या पोटात जायाचं न्हाई. लांबनं वळसा घालून जायाचो. कारण आज समजलं.

सुरेश_फायर | १५ मे, दुपारी ३.०५

मी सध्या एका नगरपरिषदेत नोकरीत आहे, नाव गाव लिहीत नाही. सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण जमिनीवरची गोष्ट सांगतो. आमच्याकडे एका शिफ्टला ड्रायव्हर धरून चार माणसं, त्यातली काही ठेकेदाराची. वर्दी आली की दोघं जातात, कारण स्टेशनला दुसऱ्या गाडीसाठी आणि फोनवर माणूस लागतो. या चार जणांतून बोट चालवायला कोण, दोरी धरायला कोण, वरच्या बाजूला येणारे ओंडके बघायला कोण, खालच्या बाजूला निसटलेल्याला पकडायला कोण? पुस्तकातलं बरोबर आहे पण तेवढी माणसं आणायची कुठून? ठेकेदाराच्या पोराला काही झालं तर विमा आहे का याचं उत्तर आम्हाला आजवर कुणी दिलेलं नाही. आणि आपण काठावर उभं राहून "बोट सुरक्षित नाही" म्हणालो की जमाव अंगावर येतो, पगार कशाचा घेता म्हणून. त्या दबावात पोरं उड्या मारतात.

कृष्णाकाठचा_तांडेल | १५ मे, सायंकाळी ६.३०

सुरेशराव, तुमची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची आहे. जमावाचा दबाव मी सोसलाय. बाई हंबरडा फोडत असते, मागे शंभर माणसं, आणि तुम्ही म्हणता थांबा. त्या वेळी थांब म्हणायचा अधिकार एका माणसाकडे असला पाहिजे आणि त्यानं पाण्यात हात न घालता फक्त बघत उभं राहायचं, तेच त्याचं काम. तो अधिकार लेखी असेल तरच टिकतो, नाहीतर कुणी नगरसेवक येऊन मोडतो.

माणसांचं म्हणाल तर तिथंच गावची मदत. आंबी, कोळी, भोई समाजातली माणसं, शर्यतीचे वल्हेकरी, तालमीची पोरं, कोल्हापुरात व्हाईट आर्मीसारखी स्वयंसेवकांची फळी. यांची नावं आणि फोन स्टेशनच्या फळ्यावर असायला हवेत. पाण्यात उतरवायला नको, वरच्या आणि खालच्या बाजूला उभं करायला. ओंडका आला की शिट्टी, एवढं काम गावचा पोरगा फायरमनपेक्षा चांगलं करतो. पण त्यांनाही जॅकेट आणि त्यांचाही विमा. हे मी टिपणात सगळ्यात वर घालणार आहे, बोटीच्या आधी.

वैशाली_शिरोळ | १५ मे, रात्री ८.४५

मी यातली जाणकार नाही, पण २०१९ ला बोटीतून बाहेर काढलेल्यांपैकी आहे म्हणून लिहिते. सासूबाई, मी आणि माझी मुलगी. माळ्यावर दोन रात्री काढल्या होत्या. बोट आली तेव्हा गल्लीतले सगळे एकदम धावले. बोटीतल्या जवानाने पहिली गोष्ट काय केली तर इंजिन बंद केलं आणि बोट पायरीपासून लांब नेली, आणि मोठ्याने सांगितलं की मी नाव घेईन तेवढेच येणार, बाकीच्यांसाठी मी परत येणार आहे. लोक चिडले पण थांबले. आम्हाला खाली तळाशी बसवलं, कडेवर कुणाला बसू दिलं नाही, सासूबाईंना जॅकेटचे सगळे पट्टे त्याने स्वतः लावले. मुलीच्या मापाचं जॅकेट नव्हतं, मोठं होतं, ते वरून निसटलं असतं म्हणून त्याने पायांमधून दोरी घेऊन बांधलं.

दुसऱ्याच दिवशी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बातमी आली. तिथे गावातली बोट होती, माणसं क्षमतेपेक्षा जास्त बसली होती, ती उलटली आणि सतरा जण गेले. बायका आणि लहान मुलं सुद्धा. ती माणसंही आमच्यासारखीच घाबरलेली होती हो, त्यांना कुणी थांबा म्हणणारा भेटला नाही एवढाच फरक. माझी विनंती आहे की ट्रेनिंग फक्त बोट चालवण्याचं नको, माणसं कशी बसवायची, घाबरलेल्या लोकांशी कसं बोलायचं याचंही द्या. आणि लहान मुलांच्या मापाची जॅकेटं घ्या.

डोंगरवाटा | १५ मे, रात्री ९.२०

वैशालीताई, धन्यवाद. मुलांची जॅकेटं हा मुद्दा आमच्याही यादीत नव्हता, घालतोय.

डॉ_नीलिमा | १५ मे, रात्री १०.१०

काठावर आणल्यानंतरचं थोडं लिहिते, कारण तिथे वाचलेला माणूस हातचा जाताना पाहिलाय. बुडालेल्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे अजून सर्रास चालतं. कृपा करून थांबवा. पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जातं आणि वेळ वाया जातो तो वेगळाच. बुडण्यात हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे, म्हणून इथे तोंडाने श्वास देणं अतिशय महत्त्वाचं आहे. श्वास चालू नसेल तर शिकलेल्या माणसाने आधी पाच श्वास द्यावेत, मग तीस वेळा छाती दाबणं आणि दोन श्वास हे चालू ठेवावं. श्वास देता येत नसेल तर निदान छाती दाबत राहा, आणि १०८ ला फोन आधीच गेलेला असू दे. माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

दुसरं बचाव करणाऱ्यांसाठी. पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, उंदरांची लघवी सगळं असतं. लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जूनआधी घेऊन ठेवा. पायाला जखम असेल तर त्या माणसाला काठावरचं काम द्या.

सुरेश_फायर | १६ मे, सकाळी ६.५५

तांडेल साहेब, रात्री ड्युटीवर पोरांना हा धागा वाचून दाखवला. होजमध्ये हवा भरायची गोष्ट त्यांना लगेच पटली, जुना होज आहे, टोकं आमचा फॅब्रिकेशनवाला करून देतो म्हणाला. पण मे महिन्यात नदीला धारच नाही, सराव करायचा कुठे? आणि पूर आल्यावर तर सरावाला सवड नाही.

कृष्णाकाठचा_तांडेल | १६ मे, सकाळी ८.२०

सुरेशराव, याचे तीन टप्पे करा. आत्ता मे महिन्यात उभ्या पाण्यात बोटीची कामं. बोट मुद्दाम उलटी करायची आणि परत सुलटी करायची, चौघांनी, अंधारातसुद्धा. इंजिनाची किल स्विचची दोरी (चालवणारा पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी) चालवणाऱ्याच्या अंगाला लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही ही सवय. माणसाजवळ जाताना बोट खालच्या बाजूने, तोंड धारेला करून, आणि तो हाताशी आला की इंजिन न्यूट्रल, पंखा फिरता नको. इंजिन बंद पडलं असं धरून नुसत्या वल्ह्यांवर काठ गाठायचा. दोरी फेकायला तर पाणीसुद्धा लागत नाही, स्टेशनच्या अंगणात बादली ठेवा आणि रोज परेडनंतर फेका.

दुसरा टप्पा जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा. पाणी गढूळ झालेलं असतं, धार लागलेली असते, पण नदी पात्रातच असते. त्या दिवसांत घाटाच्या खालच्या अंगाला, पुढे पूल किंवा बंधारा नाही असा मोकळा पट्टा बघून, खाली दोन बोटी आणि काठावर दोऱ्या लावून पोरांना एकेक करून धारेत सोडा, उताणं पडून काठ गाठायला लावा. जागा आधी होडीवाल्यांना दाखवून घ्या. पाटबंधारे विभागाला लेखी कळवा आणि वरून पाणी सोडणार आहेत का ते त्या दिवशी सकाळी फोन करून परत विचारा, वरून वाढलेलं पाणी सांगून येत नाही.

तिसरा टप्पा गणपतीच्या आधी, घाटावरच्या बंदोबस्तासाठी, रात्रीचा. त्याचं सविस्तर नंतर लिहितो.

होडी_शर्यतवाला | १६ मे, सकाळी ९.०५

सुरेशराव, गाव कंचं ते मला मेसेज करा. कृष्णा वारणेच्या पट्ट्यात असंल तर जागा दावायला मी आणि आमची चार पोरं येतो, होडी आमचीच आणतो. रविवार सोडून कवाबी, रविवारी शर्यतीचा सराव असतो.

सुरेश_फायर | १६ मे, सकाळी ९.३०

मेसेज केलाय दादा. साहेबांची परवानगी आज मागतो.